घाट उतरताना तडकणारा केक

केकवरच्या आयसिंगला तडा गेला की पहिला आळ साखरेवर येतो, दुसरा बटरवर आणि तिसरा केक घेऊन आलेल्या माणसाच्या गाडी चालवण्यावर. तिन्ही आळ कधी ना कधी खरे ठरतात. पण तडा कुठून सुरू झाला, कुठे थांबला, एकटाच आहे की जाळे पसरले आहे, आडवा आहे की उभा, एवढे शांतपणे पाहिले तर बऱ्याचदा असे दिसते की आयसिंग निर्दोष होते. त्याच्या खालचे काहीतरी वाकले, खचले किंवा फुगले. त्यामुळे तडा बुजवायला पॅलेट नाइफ उचलण्याआधी तो वाचता आला पाहिजे. हा अभ्यास करायला बुलढाणा जिल्हा फार सोयीचा आहे, कारण इथे एकाच केकला तासाभरात दोन हवामानांतून जावे लागते.

या जिल्ह्यात गावाचे नाव सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : घाटावरचे की घाटाखालचे? बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे घाटावरचे तालुके. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखालचे. मधे अजिंठ्याची डोंगररांग. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटरवर आहे, आणि मलकापूर त्याच्या निम्म्याहूनही कमी उंचीवर. राजूर घाट उतरून मोताळ्याकडे निघालात की हवा दोन-तीन अंशांनी तापते. मे महिन्यात खाली पारा ४२-४४ च्या घरात असतो आणि दुपारी हवेतला ओलावा २० टक्क्यांच्या आसपास येतो. बुलढाण्यात सकाळी सजवलेला केक दुपारी मलकापूरला साखरपुड्यासाठी, किंवा बोथ्याच्या जंगलातून खामगावला वाढदिवसासाठी निघतो, तेव्हा त्याच्या वाट्याला घाटाची वळणे येतात, गतिरोधक येतात आणि बदललेली हवा येते. व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेणाऱ्या घरगुती बेकर बायकांना हे पाठ असते. पाककृतीच्या पुस्तकांना मात्र ते माहीत नसते.

एक खुलासा आधीच केलेला बरा. आपल्याकडच्या घरगुती केकांचा भर व्हिप क्रीमवर असतो. वनस्पती तेलापासून बनवलेले, खोक्यातून गोठलेल्या अवस्थेत येणारे हे क्रीम फेटले की फुलते, स्वस्त पडते आणि जिभेला हलके लागते. त्याला भेगा क्वचित पडतात. ते बिघडते ते जास्त फेटल्याने : मग दाणेदार होते, स्क्रेपर फिरवताना फाटते, आणि चमचाभर न फेटलेले क्रीम मिसळून हलक्या हाताने ढवळले की बऱ्यापैकी सुधारते. बटरक्रीमची वेळ येते ती गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो दाखवते तेव्हा. दोन मजली केक, काटकोनात कापल्यासारखी कड, पाकळ्या-पाकळ्यांची फुले. ही कामे व्हिप क्रीमच्या आवाक्यातली नाहीत. आणि फोटोतला केक बहुधा अशा स्वयंपाकघरात झालेला असतो जिथे बारा महिने २०-२१ अंश तापमान असते.

त्या स्वयंपाकघरांची परंपरा जुनी आहे. १९२९ मध्ये ड्युई मॅकिन्ली विल्टन यांनी शिकागोत केकसजावट शिकवायला सुरुवात केली आणि पुढे त्या नावाने नोझल, पुस्तके आणि वर्ग जगभर गेले. अमेरिकेतल्या घरगुती सजावटीत रुळलेले बटरक्रीम म्हणजे एक भाग बटर आणि वजनाने दोन भाग पिठीसाखर. करायला सोपे, अंडे नाही, पाक नाही. वर हात लावला तर चिकटणार नाही अशी पातळ कोरडी पापडी त्यावर धरते, आणि त्या पापडीवर कागद ठेवून बोटाने गुळगुळीत करता येते. शिकवणाऱ्यांना ती पापडी हवीच असते. आपल्याकडचे यूट्यूबवरचे बटरक्रीम बहुतेक हेच. आणि भेग पडते ती याच पापडीला.

पापडी का धरते हे साध्या हिशेबाने कळते. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार टेबल बटरमध्ये कमीत कमी ८० टक्के दुधाची चरबी असावी लागते आणि पाणी जास्तीत जास्त १६ टक्के. म्हणजे अर्धा किलो बटरमध्ये फार तर ८० ग्रॅम पाणी. साधारण तापमानाला पाण्यात त्याच्या दुप्पट वजनाची साखर विरघळते, त्याहून जास्त नाही. म्हणजे या ८० ग्रॅम पाण्यात १६० ग्रॅम साखर विरघळेल. आपण घातली एक किलो. तीन चमचे दूध घातले तरी आणखी ८०-९० ग्रॅमची सोय होईल. उरलेली जवळजवळ तीन चतुर्थांश साखर बारीक कणांच्या रूपात चरबीत अडकून बसते. जी विरघळली तिचा पाक आधीच काठोकाठ भरलेला असतो. पृष्ठभागावरचे थोडे पाणी उडाले की त्या पाकातून साखर बाहेर पडते आणि शेजारचे कण एकमेकांना सांधते. झाली पापडी. हवा कोरडी असेल, वर पंखा असेल, तर हे काम भराभर होते. घाटाखाली एप्रिल-मेमध्ये ते इतक्या वेगाने होते की केकची एक बाजू गुळगुळीत करून टर्नटेबल फिरवेपर्यंत पहिली बाजू हाताला कोरडी लागते.

पापडी ही कडक आणि पातळ असते, तिच्या खालचे आयसिंग मऊ असते, त्याखालचा स्पंज त्याहून मऊ. कडक वस्तू ताणली जात नाही, तुटते. घाटाखालच्या पूर्णा नदीच्या खोऱ्यातली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, तिथे हाच खेळ मोठ्या प्रमाणावर दिसतो. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. वरचा थर आकसू पाहतो, खालचा ओला थर त्याला धरून ठेवतो, आणि या ओढाताणीत जिथे माती कच्ची तिथे ती फाटते. यातली एक बारीक गोष्ट शेतकऱ्याच्या नजरेत असते : भरड जमिनीवरच्या पातळ गाळाला बारीक आणि दाट जाळी पडते, खोल काळ्या रानात भेगा लांब अंतराने पण हातभर खोल पडतात. थर जितका जाड, तितके दोन भेगांमधले अंतर जास्त. केकवरही हे पडताळून पाहावे. नखाएवढ्या चौकटींची दाट जाळी दिसली तर फक्त पापडी वाळली आहे, आतले आयसिंग ठीक आहे. एकच रुंद भेग असेल आणि तिच्यातून स्पंज दिसत असेल, तर अख्खा थर फाटला आहे आणि ते नुसत्या वाळण्याने होत नाही. तुलना इथेच थांबवावी लागते, कारण माती आकसते तेवढे बटरक्रीम वाळून आकसत नाही. मोठ्या भेगेमागे कुठेतरी वाकणे असते.

आणि वाकतो तो बहुतेक वेळा केकखालचा बोर्ड. दुकानात मिळणारा सोनेरी कागद लावलेला पातळ पुठ्ठा एक किलोच्या केकसाठी ठीक असतो. त्यावर तीन किलोचा केक ठेवला आणि दोन हातांनी कडा धरून उचलला की पुठ्ठा मधे झोल खातो. डोळ्याला तो झोल दिसणारही नाही, पण पापडीला पुरतो. अशी भेग ओळखू येते : ती बहुधा उभी असते, केकच्या काठापासून सुरू होते किंवा वरच्या पृष्ठभागावर सरळ आरपार जाते, आणि केक खाली ठेवला की मिटल्यासारखी वाटते. बुजवली तर पुढच्या उचलण्याला पुन्हा तिथेच उघडते. बोर्ड बदलल्याशिवाय त्यावर इलाज नाही.

बोर्डच्या जाडीचे गणित फार मजेदार आहे आणि ते कळले तर शंभर-दीडशे रुपयांचे जाड लाकडी बोर्ड प्रत्येक वेळी घ्यावे लागत नाहीत. एखाद्या फळीचा वाकायला होणारा विरोध तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली की विरोध आठपट. म्हणून दोन पुठ्ठे एकावर एक ठेवून सर्व बाजूंनी पक्के चिकटवले तर ते एकट्या पुठ्ठ्याच्या सुमारे आठपट ताठ होतात. नुसते ठेवले, चिकटवले नाहीत, तर ते एकमेकांवर घसरतात आणि फक्त दुप्पट ताठ राहतात. सगळा फरक गोंदाचा. पन्हाळी पुठ्ठा म्हणजे खोक्याचा पुठ्ठा वापरत असाल तर एकाच्या पन्हाळी उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या येतील असे चिकटवा, कारण असा पुठ्ठा पन्हाळीच्या दिशेला ताठ आणि दुसऱ्या दिशेला लुळा असतो. वरून खाण्याच्या पदार्थाला चालेल असा कागद किंवा फॉइल लावा. चौकात बॅनरखाली कापल्या जाणाऱ्या आठ-दहा किलोच्या केकला मात्र प्लायवूड किंवा एमडीएफच हवे, आणि उचलायला चार हात. 

आडवी भेग वेगळी. केकच्या बरोबर कमरेवर, दोन स्पंजांच्या सांध्यापाशी, घेराभोवती जाणारी. तिच्या आसपास आयसिंग किंचित बाहेर फुगलेले असेल तर कारण पक्के : केक बसला आहे. ताजा स्पंज, त्यावर सारण, वर दुसरा स्पंज, त्यावर वजन. पुढचे काही तास हे सगळे आपल्याच भाराने खाली दबत राहते, सारण बाजूला सरकते आणि आयसिंगला आतून ढकलते. ऑर्डर घाईची असली की हमखास होणारा हा प्रकार. यावर उपाय करायचा तो आधी. थराच्या कडेने घट्ट बटरक्रीमचा बांध घालून त्याच्या आत सारण भरावे, आणि सारण बांधाच्या उंचीपेक्षा वर येऊ देऊ नये. थर रचून झाले की केक प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर एक हलकी ताटली ठेवावी आणि काही तास, जमल्यास रात्रभर, त्याला बसू द्यावे. जे खचायचे ते आयसिंगच्या आधी खचेल. मग कडेने बाहेर आलेला भाग सुरीने छाटून क्रम्ब कोट लावायचा, म्हणजे स्पंजचा चुरा धरून ठेवणारा पहिला पातळ हात, आणि त्यानंतर मुख्य थर. ज्यांना सकाळी स्पंज भाजून दुपारी केक द्यायचा असतो त्यांना हे परवडत नाही हे खरे. त्यांनी निदान सारण कमी आणि घट्ट ठेवावे, आणि कमरेवर एखादी नक्षीची पट्टी घ्यावी की नाही हे आधीच गिऱ्हाइकाशी बोलून ठेवावे.

तिसरा प्रकार फुग्याचा. केकच्या बाजूला छोटा उंचवटा आणि त्याच्या टोकाला चांदणीच्या आकाराची भेग. आयसिंग आणि स्पंज यांच्यामध्ये अडकलेली हवा तापून फुगली की असे होते. फ्रीजमध्ये केक ५ अंशांवर असतो. मलकापुरात बंद खोलीत किंवा गाडीत तो हळूहळू ३८ अंशांपर्यंत गेला तर आतल्या हवेचे आकारमान सुमारे १२ टक्के वाढते. अडकलेल्या हवेला जायला वाट नसते, ती आयसिंगला रेटते. त्यात बटर याच वेळी मऊ होत असते. टाचणी किंवा सुई गरम पाण्यात स्वच्छ करून फुग्याला टोचावी, बोटावर बटरपेपर घेऊन हलके दाबावे, हवा निघाली की चिमूटभर आयसिंगने भोक बुजवावे. फुगा येऊच नये म्हणून पहिला हात लावताना पॅलेट नाइफने आयसिंग स्पंजमध्ये दाबून भरायचे. नुसते वरून पसरले की पोकळी राहते.

फ्रीजचा दोष इथेच सांगून टाकतो. आजकालच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये पंखा असतो आणि त्याची हवा कोरडी असते. उघडा केक रात्रभर ठेवला तर पापडी जाड आणि ठिसूळ होते. खोक्यात ठेवून खोके प्लास्टिकने गुंडाळायचे. दुसरे, थंड केक बाहेर काढला की त्यावर घाम येतो. पावसाळ्यात येतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण मे महिन्यातही येतो : ४३ अंश आणि २० टक्के ओलावा असलेल्या हवेतल्या बाष्पाचे साधारण १५ अंशांवर पाणी व्हायला लागते आणि केक असतो ५ अंशांवर. घामाने वरची साखर विरघळते, पुन्हा वाळते, पुन्हा पापडी होते, पण या वेळी ठिपक्या-ठिपक्यांची आणि असमान. वीज गेली-आली, फ्रीज बंद-चालू झाला, की ही आवर्तने वाढतात. म्हणून खोके न उघडता केक आधी खोलीच्या तापमानाजवळ येऊ द्यावा. घाम खोक्याच्या बाहेरच्या बाजूला येतो, केकला नाही.

उलट चूक म्हणजे फ्रीजमधून काढलेल्या गार स्पंजवर लगेच मऊ बटरक्रीम लावणे. बटरची चरबी गोठताना आकसते. स्पंजला चिकटलेला आतला भाग क्षणात कडक होतो, बाहेरचा मऊ राहतो, आणि तासाभराने वरच्या कडेजवळ केसासारख्या बारीक भेगा दिसतात. क्रम्ब कोट गार करावा, पण पंधरा-वीस मिनिटेच, आणि मुख्य थर लावण्याआधी त्याचा गारवा थोडा उतरू द्यावा.

विदर्भातल्या घरात उन्हाळ्यात कूलर असतो आणि आयसिंगच्या दृष्टीने तो एसीपेक्षा वाईट नाही, हे माझे ठाम मत आहे. एसी खोली गार करतो पण हवा आणखी कोरडी करतो. कूलर पाणी उडवून हवा गार करतो, त्यामुळे ओलावा वाढतो आणि पापडी सावकाश धरते. कामाला वेळ मिळतो. अडचण एवढीच की कूलरने खोली २८-३० अंशांखाली सहसा येत नाही आणि शुद्ध बटर त्या तापमानाला लोळायला लागते. बटर ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान पूर्ण वितळते. म्हणजे घाटाखाली मे महिन्यात फक्त बटरचे आयसिंग बाहेर उभे राहणारच नाही. साखर कितीही घाला. आणि नेमके इथे बहुतेक जण साखरच वाढवतात. घट्टपणा येतो, पण पापडी दुप्पट जाड होते आणि प्रवासात तडकते. मऊ पडण्यावरचा हा इलाज भेगेला आमंत्रण देतो.

खरा इलाज चरबी बदलण्याचा आहे. जुन्या बेकऱ्यांनी तो केव्हाच केला होता. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला आणि पुढे कित्येक दशके आपल्याकडचे ‘बटर आयसिंग’ म्हणजे प्रत्यक्षात वनस्पती तूप आणि पिठीसाखर होते. टाळूला चिकटणारी ती गुलाबी फुले ज्यांनी खाल्ली आहेत त्यांना चव आठवेल. कायद्याने वनस्पतीचा वितळबिंदू ३१ ते ४१ अंशांच्या मध्ये असावा लागत असे, म्हणजे बटरच्या वर जाण्याची मुभा होती, आणि आयसिंग उन्हाळ्यात टिकायचे ते त्यामुळे. त्यातल्या ट्रान्स फॅटचा प्रश्न वेगळा होता. १ जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणली गेली आहे. आज मिळणारे चांगले बेकरी शॉर्टनिंग एकूण चरबीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत वापरले तर चव फारशी जात नाही आणि उभे राहण्याची ताकद येते. घरचे लोणी वापरायचा मोह आवरावा. त्यात ताक किती राहिले आहे याचा नेम नसतो. गार पाण्यात धुऊन, पिळून काढले तरी पाण्याचे प्रमाण दर वेळी वेगळे येते, आणि फेटताना ते फुटून कडेने पाणी सोडते. ते भाकरीवरच छान.

साखरेचे प्रमाण दोनास एकवरून दीडास एकवर आणा. अर्धा किलो बटर-शॉर्टनिंगला पाऊण किलो पिठीसाखर. ती मिक्सरमध्ये घरी दळली असेल तर मलमलच्या कापडातून चाळा. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडा कॉर्नफ्लोअर असतोच. आयसिंगमध्ये एक-दोन चमचे लिक्विड ग्लुकोज घाला. लाडवाच्या पाकात लिंबू पिळतात ते पाक पुन्हा साखरू नये म्हणून. आम्लामुळे थोड्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते आणि ते साखरेच्या कणांना एकत्र बसू देत नाहीत. लिक्विड ग्लुकोज तेच काम थेट करते. पापडी धरते, पण पातळ आणि लवचीक. घाटावर, विशेषतः हिवाळ्यात, शॉर्टनिंगची गरज नाही. तिथे दुधाचा एखादा चमचा जास्त घाला, कारण बुलढाण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी बटर स्वतःच कडक असते आणि आयसिंग लावतानाच तुटते. वाटी कोमट पाण्यात क्षणभर धरून पुन्हा फेटले की ते ताळ्यावर येते. प्रमाण पाठ करून ठेवण्यापेक्षा चमचा उलटा करून पाहावे : आयसिंगचे टोक उभे राहून शेंडा किंचित झुकला तर बरोबर.

पापडीच नको असेल तर साखर पूर्ण विरघळवावी लागते. इटालियन आणि स्विस बटरक्रीममध्ये ती अंड्याच्या पांढऱ्यात पाकाच्या किंवा वाफेच्या मदतीने विरघळवतात. ते तुकतुकीत होते आणि कोरडे पडत नाही. पण इथल्या ऑर्डरची पहिली अटच पुष्कळदा ‘एगलेस’ अशी असते. अशा ऑर्डरसाठी मैद्याचे शिजवलेले बटरक्रीम फार चांगले आहे आणि आपल्याकडे ते उगाच दुर्लक्षित राहिले. अमेरिकेत रेड व्हेल्व्हेट केकवर पूर्वी हेच लावत. पाव लिटर दूध, ४० ग्रॅम मैदा आणि २०० ग्रॅम साखर गुठळी न होऊ देता मंद आचेवर खिरीपेक्षा घट्ट होईपर्यंत शिजवा. साय धरू नये म्हणून वर प्लास्टिक चिकटवून पूर्ण गार करा. कोमट असताना बटरमध्ये घातले तर सगळे पातळ होईल. मग २२५ ग्रॅम बिनमिठाचे मऊ बटर फेटून त्यात चमच्या-चमच्याने घाला. मघाचा हिशेब इथे लावून पाहा : २०० ग्रॅम साखरेला जवळजवळ तेवढेच पाणी आहे, म्हणजे गरजेच्या दुप्पट. सुटा कण उरत नाही, पापडी धरत नाही. मर्यादाही सांगायला हवी. हे मऊ असते, टोकदार कडा देत नाही, आणि दूध असल्याने घाटाखालच्या उन्हाळ्यात फ्रीजबाहेर फार वेळ ठेवता येत नाही.

आता बुजवण्याचे. त्यासाठी लागणारी सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे त्याच घाण्यातले दोन-तीन चमचे आयसिंग. नवे कालवले तर रंग जुळत नाही, कारण गडद रंग तासागणिक खुलत जातो आणि ठिगळ उठून दिसते. बारीक जाळी असेल तर स्टीलचा पॅलेट नाइफ गरम पाण्यात बुडवा, पूर्ण पुसून कोरडा करा आणि अगदी हलक्या हाताने एकदाच फिरवा. वरची चरबी क्षणभर वितळते आणि सांधा मिळून येतो. पाणी राहिले तर साखर विरघळून डाग पडतो, आणि परत परत फिरवले तर खालचा स्पंज वर येतो. रुंद भेगेत नोझल न लावलेल्या कोनातून मऊ आयसिंग दाबून भरा, थोडे जास्तच भरा, दहा-पंधरा मिनिटे गार करा आणि मग स्क्रेपरने वरचे छाटून काढा. मऊ असतानाच सपाट करायला गेलात तर भरलेले बाहेर येते. टॉपर किंवा फुलाची काडी खोचल्याने भोवती चिरा पडल्या असतील तर काडी गरम पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा तिथेच खोचा आणि बुडाशी एक छोटे फूल काढा. कमरेवरची आडवी भेग बुजवण्यात वेळ घालवू नये. ती पुन्हा उघडणार. तिच्यावर पट्टी, मोत्यांची ओळ किंवा किसलेले चॉकलेट चढवून मोकळे व्हावे.

डिलिव्हरीच्या पिशवीत भरलेला छोटा कोन, एक पॅलेट नाइफ, बटरपेपर आणि टिश्यू ठेवणाऱ्या बायका मंडपात पोचल्यावर पाच मिनिटांत केक उभा करतात. केक मांडीवर घेऊन बसणे ही प्रेमाची पण चुकीची पद्धत. मांडी सपाट नसते, आणि गाडी वळली की आपण नकळत खोके तिरपे करतो. गाडीत सगळ्यात सपाट जागा म्हणजे पायाखालची किंवा डिकीची. खाली घसरू न देणारी जाळीदार रबरी चटई अंथरा, काचेतून ऊन येत असेल तर खोक्यावर पांढरा कपडा टाका, आणि दोन मजले असतील तर ते घाट उतरल्यावर, पोचल्यावरच एकमेकांवर चढवा. दुचाकीवर एक किलोच्या वर बटरक्रीमचा केक नेऊ नये. राजूर घाटात तर नाहीच.

केक हातात देताना गिऱ्हाइकाला एक सांगून ठेवावे : कापण्याआधी अर्धा तास, उन्हाळा असेल तर दहा-पंधरा मिनिटे, फ्रीजबाहेर काढा. फ्रीजमधून थेट टेबलावर आलेल्या केकला सुरी लावली की बटरक्रीम वडीसारखे तुटते आणि मोठी ढलपी निघते. फोटो तोवर निघालेले असतात, तरी तक्रारीचा फोन येतोच.